खंडेनवमीची घरघंटी

आमच्या घरी सुगी यायची ती दसऱ्यानंतर, आणि ती शेतातून नव्हे, हायवेकडच्या दारातून आत यायची. उंब्रजला रस्त्याच्या कडेला आमचं घर आणि घराची पुढची खोली म्हणजे आण्णांचं दुकान. आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेत मेकॅनिक होते. पेन्शनीत आले, ऊस धाकट्या भावाच्या अंगावर टाकला आणि मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला बसले. आमच्याकडं खंडेनवमीला घरातल्या अवजारांची पूजा असते. विळा, खुरपं, कुऱ्हाड यांना पुजलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण लोकांनी मिक्सरही पाटावर बसवला, टीव्हीला हार घातला, आणि देवाला जे जे करायचं ते सगळं यांनाही केलं. हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वरून पळीभर पाणी. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आमच्या पायरीवर रांग लागायची. बटणांत कुंकवाचा चिखल, रेडिओच्या जाळीत हळद. आण्णा प्रत्येकाला विचारायचे, "देवाला आंघूळ घातली व्हय?" माणूस ओशाळून हसायचा, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस तोच मिक्सर घेऊन हजर. आण्णांनी कुणालाही पूजा करू नका म्हणून सांगितलं नाही. ते स्वतःही करायचे. फक्त कोरडं कुंकू वापरायचे.

घराला कायम दोन वास असायचे. पुढच्या खोलीत मोटारीच्या गुंडाळीवर लावायच्या व्हार्निशचा आणि मागच्या खोलीत लसणाच्या फोडणीचा. मध्ये दार होतं, पण ते लावायची पद्धत नव्हती, त्यामुळं घेवड्याच्या आमटीला थोडा व्हार्निशचा वास आहे असं पाहुणे म्हणायचे आणि आई त्यांना दुसऱ्यांदा वाढायची नाही. दुपारच्या भाकरी झाल्या की आई पुढं येऊन मोटारीची तार गुंडाळायला बसे. डाव्या हातात तार, उजव्या हाताने फिरकी, आणि ओठ हलतायत, कारण वेढे मोजायचे. त्या वेळी तिच्याशी कुणी बोललं तर ती नुसती भुवई वर करायची. बाहेर ट्रकांचे हॉर्न, आत फिरकीची टकटक, आणि आण्णांचा फौजेतला खाकरा. अजूनही मला शांत खोलीत झोप येत नाही. माझी मुलं म्हणतात, आई, तुला झोपायला गॅरेज लागतं. लागतं, बाबांनो. तुमचं काय जातंय?

दुकानाचा एक नियम होता आणि तो आईचा होता. वस्तू उघडायची ती मालकाच्या समोर. मालक बसला नाही तर स्क्रूला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्याला बाकावर बसवायचं, चहा द्यायचा, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत झाकण काढायचं. जळालेला भाग बदलला की जुना त्याच्या हातात द्यायचा. आण्णांना आधी हे पटत नसे, ते म्हणायचे, लोकं निम्मा दिवस बसून राजकारण बोलत्यात. आई म्हणायची, "बोलू द्या. आपल्या वस्तूच्या पोटात काय हाय ते माणसाला एकदा तरी दिसावं. मग तो तिला जपतो." आज माझ्याकडं लोक फोन घेऊन येतात, आणि त्यांतले कितीतरी असे असतात की त्यांचं पोट बघायचं म्हटलं तर आधी गरम हवेनं डिंक वितळवावा लागतो. ज्यानं पैसे मोजून वस्तू घेतली त्यालाच ती उघडता येऊ नये, असा विचार करणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. तो राग बहुतेक त्या बाकावरून आलाय.

ही गोष्ट घडली त्या वर्षी मी सांगलीला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते, विश्रामबागेत मावशीकडं राहून. वर्गात आम्ही दोनच मुली. आण्णांनी मला तिकडं घातलं त्याला कारण होतं. मोटार, कॉइल, पंखा यांच्याशी ते झोपेतही बोलू शकत. पण मशिनांमध्ये आता तांब्याच्या छापील पट्ट्यांची इलेक्ट्रॉनिक कार्डं यायला लागली होती आणि कार्ड दिसलं की आण्णा हात मागं घ्यायचे. "हे काय दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई. ह्येच्याशी भांडायचं कसं?" असं म्हणायचे. त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. घरगुती मशिनं विकणाऱ्या एका कंपनीला उंब्रजमध्ये अधिकृत सर्व्हिस सेंटर हवं होतं, आणि आण्णांनी अर्ज केला होता. ते मिळालं की कंपनीचे सुटे भाग थेट येणार, कार्डांच्या जोडणीचे नकाशे मिळणार, गावातल्या कुणाला बारीकसारीक कामासाठी कराडला जावं लागणार नाही. दारावर लावायला पत्र्याचा फलकसुद्धा त्यांनी आधीच करून घेतला होता. पेंटरला म्हणाले, "नुसता पांढरा मार. नाव मागनं."

आता शालनकाकू. आमच्या शेजारची भिंत त्यांची. काका ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. काकू वर्षानुवर्षं लोकांच्या उसात भांगलायला, खुरप्यानं तण काढायला, जायच्या आणि वाकून वाकून त्यांची कंबर पार गेली होती. सकाळी उठून उभं राहायला त्यांना खांब धरावा लागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाकायचं काम सोडा. सोडा म्हणायला डॉक्टरांचं काय जातंय. मग त्यांना भिशी लागली, आणि कुणाला न विचारता काकूंनी त्यातून त्याच कंपनीची घरघंटी आणली. उभं राहून दाणे टाकायचे, बटण दाबायचं, पीठ खालच्या डब्यात. काका घरी आल्यावर भडकले. शेवटी म्हणाले, "दिवाळीपातूर बघू. चालली तर चालली. न्हाई तर इकून टाकायची आन् तू गप खुरपं धरायचं." काकूंनी मान डोलावली. त्यांचा हिशोब पक्का होता. दिवाळीला गल्लीत प्रत्येक घरी चकली होते, आणि गिरणीत भाजणी नेली की आधीच्याचं ज्वारीचं पीठ त्यात उतरतं, मग चकली तेलात तुकडे होऊन पडते. घरघंटीत तसं होत नाही. दसऱ्याच्या आधीच त्यांच्याकडं निम्म्या गल्लीनं भाजणी सांगून ठेवली होती.

आणि ह्या बाईनं खंडेनवमीला घरघंटीची पूजा केली. साधीसुधी नाही. ओल्या फडक्यानं पुसली, पाच बोटं ओढली, आणि तिच्याच कडेवर नारळ फोडून ते पाणी चारी बाजूंनी आणि वरून, जिथं बटणं आहेत तिथं, शिंपडलं. "पयली पूजा हुती तिची. हात आखडता कसा घ्यायचा?" असं त्या मला नंतर म्हणाल्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर दिवा लागला, आतून पिक असा आवाज आला, आणि पुढं काही नाही. काकू तशाच कंबर धरून आमच्याकडं आल्या. पण वॉरंटी चालू होती, म्हणून आण्णांनी रीतसर कंपनीला फोन केला.

आठवडा गेला तेव्हा कंपनीचा माणूस आला. मी दिवाळीच्या सुट्टीला नुकतीच घरी आले होते. महेश नाव, लोणंदचा, माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठा असेल. पोरगा चांगला होता, बूट बाहेर काढून आत आला. त्यानं बटणांच्या फटीतलं कुंकू बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "मावशी, पाणी गेलंय. हे वॉरंटीत बसत न्हाई." काकू म्हणाल्या, "आरं, पाणी न्हाई ते. नारळाचं हाय." तो बिचारा हसलासुद्धा नाही. म्हणाला, कार्ड पूर्ण बदलावं लागेल, ते बाहेरून येतं, आता दिवाळीच्या सुट्ट्या, म्हणजे दिवाळी झाल्यावरच. आण्णांनी विचारलं, कार्डात नेमकं काय गेलंय ते बघता येईल का, तेवढंच बदलता येईल का. महेश म्हणाला, "काका, मला फक्त कार्ड बदलायची परवानगी हाय. आतलं बघायची न्हाई. नकाशा आमालाच देत न्हाईत." जाता जाता त्यानं मागच्या झाकणावरचा स्टिकर दाखवला. तो फाटला तर कंपनी पुन्हा त्या मशीनला हात लावणार नव्हती. आणि दिवाळी झाल्यावर आण्णांचं दुकान बघायला, सेंटर द्यायचं की नाही ते ठरवायला, तोच येणार होता.

तो गेल्यावर आम्ही सगळे आमच्या सोप्यात, पुढच्या ओसरीत, आलो. काकू खांबाला धरून उभ्या होत्या. रडत नव्हत्या, पण त्यांचा चेहरा मला बघवेना. त्या हळूच म्हणाल्या, "मंजी खुरपंच की." मग आईनं तोंड उघडलं.

"आवं, उघडून तरी बघा."

"कंपनीचं सील हाय त्येला."

"मशीन कुणाचं?"

"शालनचं."

"मग सील कंपनीचं कसं काय?"

आण्णा म्हणाले, "उद्या आपण कंपनीचं हुणार, आन् आज आपणच सील फोडायचं? फौजेत असलं चालत न्हाई."

"ही फौज न्हाई. माझा सोपा हाय," आई म्हणाली.

मी दारात उभी होते. वर्गात आम्ही जी कार्डं उघडायचो ती सरांनी मुद्दाम बिघडवलेली असायची आणि उत्तर त्यांना माहीत असायचं. तरी मी म्हणाले, "मी उघडते." आण्णा गर्रकन वळले. "तुला परमिशन कुणी दिली?" आई शांतपणे म्हणाली, "परमिशन शालन दील. तिची वस्तू हाय." आणि सगळे काकूंकडं बघायला लागले. मला वाटतं, त्या बाईला तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी त्यांना खरं तेच सांगितलं, की जमेल याची खात्री नाही, आणि नाही जमलं तर कंपनीचा रस्ताही बंद होईल. त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, "दिवाळी झाल्यावर आलेलं कार्ड मला काय कामाचं, पोरी? तवर मशीन इकलं असंल ह्यांनी. उघड."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरघंटी आमच्याकडं आणली. आईनं काकूंना बाकावर बसवलं, चहा दिला. आण्णा आले, बसले, पण आमच्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून. "मी बघत न्हाई," म्हणाले. स्टिकर काकूंनी स्वतः नखानं काढला. मी झाकण काढलं आणि कार्ड बाहेर घेतलं. लाल-पिवळा राप बसला होता, दोन ठिकाणी पट्टी हिरवी पडून खाऊन गेली होती, आणि मोटारीला वीज सोडणारा छोटा काळा डबा, रिले म्हणतात त्याला, मीटरवर मेलेला दाखवत होता. काकू बाकावरून डोकावून बघत होत्या. "एवढंसं? एवढ्याशावर एवढं मशीन?" त्या म्हणाल्या आणि आई हसली. मी जुना दातांचा ब्रश आणि स्पिरिट घेऊन कार्ड धुतलं आणि उन्हात वाळत ठेवलं. त्या दिवसांत भारनियमन होतं. लाईट दुपारी यायची, तोवर शिसं वितळवून सोल्डर करता येणार नव्हतं. आईनं मटकीची उसळ आणि भाकरी केली, काकू आमच्यातच जेवल्या. आण्णांनी पाठ करूनच खाल्लं.

रिलेचा प्रश्न होता. तसा रिले कराडला मिळेल की नाही माहीत नव्हतं. मी भंगाराच्या ढिगात शिरले आणि एक मेलेला स्टॅबिलायझर काढला. त्यात तेवढ्याच व्होल्टचा रिले होता, पण त्याचे पाय वेगळ्या जागी. कार्डावर तो बसेना. मग मी त्याला तारा जोडून कार्डाच्या बाहेरच ठेवला आणि सुतळीनं बांधला. दिसायला अगदी गबाळं. लाईट आली तसं सोल्डरिंग आयर्न गरम केलं, खाऊन गेलेल्या पट्टीवर तारेचे तुकडे टाकले. सगळं परत तपासलं. काकूंनी हात जोडले. मी म्हणाले, "काकू, आता पाणी तेवढं शिंपडू नका." आणि बटण दाबलं.

दिवा लागला. पिक वाजलं. रिलेनं टक्क केलं, आणि मोटार नुसतीच घुमली. हूंऽऽऽ असा आवाज, पण फिरेना. मी घाईनं बंद केलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. कार्ड बरोबर होतं, मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मशीन चालत नव्हतं. काकू बाकाच्या कडेला येऊन बसल्या होत्या. मी तिसऱ्यांदा बटणाकडं हात नेला तेवढ्यात रस्त्याकडं तोंड करून बसलेले आण्णा म्हणाले, "थांब. जाळशील मोटार. कंडेन्सर हाय तो."

ते अजून वळले नव्हते. बहुतेक स्वतःशीच भांडत असावेत. मग उठले, खुर्ची फिरवली, आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले. मोटारीला सुरुवातीला धक्का देणारा तो पांढरा डबा त्यांनी बोटांनीच चाचपला. टोकाला हिरवट चढलं होतं, तार हात लावताच सुटली. "नारळ लय लांबवर गेलाय तुझा, शालन," ते म्हणाले. खणातून दुसरा कंडेन्सर काढला, लावला, टोकं घासून घट्ट केली. मग माझ्या सुतळीनं बांधलेल्या रिलेकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता रागवणार. ते म्हणाले, "हे गबाळं कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "कुणी न्हाई. पाय बसत नव्हतं." त्यांनी सुतळी सोडली आणि पत्र्याची छोटी पट्टी वाकवून रिले नीट स्क्रूनं बसवून दिला. "आता दाब," म्हणाले. मी काकूंना पुढं केलं. त्यांनी डोळे मिटून दाबलं आणि मोटार फिरली. तो आवाज मला अजून आठवतो, आणि आण्णांचा चेहराही. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर माझ्या लग्नातही पाहिला नाही. लग्नात ते मांडवातला जनरेटर बघत होते.

दिवाळीच्या आधीचे दिवस आमची गल्ली भाजलेल्या डाळीच्या आणि धन्याच्या वासानं भरून गेली. लाईट असेल तेवढा वेळ काकूंच्या दारात डबे. काका सणाला आले, त्यांनी डबे बघितले, आणि मशीन विकायचा विषय पुन्हा काढला नाही. पहिल्या घाण्याच्या चकल्या काकूंनी आम्हाला आणून दिल्या. एकही तुटली नव्हती.

सण झाल्यावर महेश आला. दुकान बघितलं, बाक बघितला, खण बघितले, सगळं पसंत पडलं. भिंतीपलीकडून घरघंटीचा आवाज येत होता. तो ऐकत राहिला. आण्णांना गप्प बसता आलं असतं. आईनं डोळ्यांनी तसं सुचवलंही असावं. पण ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचं सील फोडलंय. मालकिणीनं फोडलं, पोरीनं उघडलं, मी मदत केली. लिहून घ्या." महेशनं पेन काढलं, पुन्हा खिशात ठेवलं, पुन्हा काढलं. शेवटी त्यानं लिहिलं, ते त्याचं कामच होतं. सेंटर कराडच्या एका दुकानाला गेलं. पण निघताना बूट घालता घालता त्यानं मला विचारलं, "ताई, रिले किती व्होल्टचा टाकला?" मी सांगितलं. त्यानं तो आकडा तळहातावर लिहून घेतला. "पलीकडच्या गावातनी अशी आणखी पडल्यात, पुजलेली," तो म्हणाला आणि मोटारसायकलवर बसून गेला.

आता मी विश्रामबागेत माझ्या दुकानात बसून हे लिहितेय. बाजूला एका मास्तरांचं वॉशिंग मशीन उघडं पडलंय आणि मास्तर बाकावर बसून त्याच्यात डोकावतायत. दुरुस्तीचा हक्क असं आता सरकारही म्हणायला लागलंय, सुटे भाग मिळाले पाहिजेत, माहिती मिळाली पाहिजे, अशी भाषा होते. अजून पुष्कळ व्हायचंय. एखादा भाग आजही मला आठ-आठ फोन केल्याशिवाय मिळत नाही आणि मी फोनवर वाट्टेल ते बोलते. पण भाषा बदलली हेही मला थोडं वाटत नाही. आण्णांच्या वेळी त्यांना स्वतःच्या घरात पाठ करून बसावं लागलं होतं.

सुट्टी संपून मी सांगलीला परत निघाले त्या दिवशीची गोष्ट. सकाळी पायरीवर उभी राहून एसटीची वाट बघत होते. उसात बायका नेणारी हौसाबाई नेहमीसारखी गल्लीतून हाका मारत आली. काकूंच्या दारापुढं थांबली. "शालन, ए शालन. चल की गं, वरच्या मळ्यात भांगलण काढलीया."

काकू बाहेर आल्या. कोपरापर्यंत पीठ, पदर खोचलेला, आणि हात खांबाला नव्हता. "आज न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या.

"मग उद्या येतीस?"

काकूंनी मागं वळून दारातल्या डब्यांकडं बघितलं. "न्हाई, हौसाताई. आता मला हाक मारत जाऊ नका."

हौसाबाईची स्वतःची कंबरही काही कमी वाकलेली नव्हती. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "मग आमची बाजरी कवा आणू?"

"आत्ता आणा की," काकू म्हणाल्या. "लाईट हाय तवर."